सातावरून आठावर

टॅप बदलताना अप्पा डोळे मिटून घ्यायचे. कंट्रोल रूममधलं बटण दाबायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं, आपण यार्डात ट्रान्स्फॉर्मरपाशी जायचं, त्याच्या अंगाला लावलेल्या मोटरच्या पेटीवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचे, हा त्यांचा शिरस्ता. पेटीतून चार-पाच सेकंद घरघर यायची आणि मग ट्रान्स्फॉर्मरच्या पोटातून एकच आवाज, ठक्. तो ऐकला की अप्पा डोळे उघडायचे, खिशातल्या वहीत काहीतरी टिपायचे आणि चहा मागायचे. रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी हे खिडकीतून पाहिलं आणि हा माणूस पाळीवर उभ्याउभ्या झोपतो, अशी माझी खात्री पटली. नवा साहेब म्हणून काहीतरी करणं भाग होतं. मी लेखी समज तयार करून त्यांच्यापुढे धरली. अप्पांनी ती सावकाश वाचली.

"अक्षर लई चांगलं हाय, साहेब," ते म्हणाले. "पर झोपलेला मानूस त्या पेटीवर हात ठिवून उभा कसा राहील? पडंल की."

तो कागद मी टेबलाच्या खणात टाकला. पुढे त्याच्या मागच्या बाजूवर मी किराण्याची यादी केली.

आमचं उपकेंद्र नेकनूर गावाच्या अलीकडे, रस्त्यालगत, चारी बाजूंनी कापूस आणि मधूनमधून ऊस. मी नाशिककडचा, नुकताच पदवी घेऊन आलेला, परीक्षाधीन कनिष्ठ अभियंता. अप्पा तिथले ऑपरेटर. त्यांचं पूर्ण नाव हजेरीपटावर होतं, पण आसपासच्या दहा-बारा गावांत त्यांना सगळे 'टॅपवाले अप्पा' म्हणत. शेतीपंपांची लाइन, म्हणजे फीडर, चालू झाला की सगळ्या मोटरी एकदम ओढ घेतात आणि व्होल्टेज खाली बसतं. पंप नुसते गुरगुरतात, पाणी वर येत नाही. मग ट्रान्स्फॉर्मरमधल्या गुंडाळीचे काही वेढे कमी करावे लागतात, म्हणजे पलीकडचं व्होल्टेज वर येतं. त्यासाठी गुंडाळीतून जागोजागी तारा बाहेर काढलेल्या असतात. त्या जागा म्हणजे टॅप. आमच्याकडे सतरा होते. पंप बंद झाले की उलट पायऱ्या उतरायच्या, नाहीतर घराघरांतले बल्ब उडतात. अप्पा पंप बंद व्हायच्या आधीच दोन पायऱ्या उतरून बसलेले असत. घरातला पंखा नीट फिरला, की बायका म्हणायच्या, आज अप्पाची पाळी दिसते.

पहिल्या आठवड्यातच एका सकाळी व्होल्टेज पडलं. मी खुर्चीतून उठलो, घसा साफ केला आणि हुकूम सोडला, "फीडर बंद करा. टॅप वर घेऊ."

कंट्रोल रूममध्ये कुणीच हललं नाही. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे पाहतात.

"फीडर कावून बंद करायचा?"

"चालू लोडवर, वीज वाहत असताना, टॅप कसा बदलणार?"

"साहेब, हा चालू लोडवरच बदलतो. त्याच्यासाठीच तर बसवलाय."

मी पुन्हा खुर्चीत बसलो. कारण शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत नेमका हाच प्रश्न मी सोडवला होता. चालू लोडवर टॅप बदलणाऱ्या यंत्राची आकृती काढून कार्य स्पष्ट करा. मी आकृती दोन रंगांत काढली होती आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. कार्य स्पष्ट केलं होतं ते परीक्षकाला. मला कुणी केलंच नव्हतं.

ते अप्पांनी केलं, यार्डातल्या कडुनिंबाखाली उकिडवं बसून. नोकरी लागायच्या आधी अप्पा चार हंगाम ऊसतोडीला गेले होते. ते म्हणाले, "डोक्यावर उसाची मोळी हाय असं समजा. फळीवरून ट्रकात चढायचंय. मोळी खाली ठिवायची न्हाई, अन् थांबायचं बी न्हाई. मंग कसं चढता?"

"पाय टाकत."

"हां. पुढचा पाय टेकल्याबिगर मागचा उचलायचा न्हाई. दोन्ही एकदम उचलले का मोळी बी गेली अन् मानूस बी गेला. हा आत तसंच करतो. पुढचा टॅप धरतो, मंग मागचा सोडतो."

"पण दोन्ही टॅप एकाच वेळी धरले तर मध्ये शॉर्ट होईल."

अप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल आशा दिसली. "आत्ता बोलला! दोन्ही पाय टेकलेले असतात तवा सगळा ताण मांडीत येतो. आत तो ताण झेलायला रेझिस्टर हायेत. पर ते हायेत डोळ्याचं पातं लवंस्तोवर. तितं उभं राहायचं न्हाई. म्हनून मोटर आधी स्प्रिंग ताणून ठिवती अन् येकदम सोडती. तेच ते ठक्. घरघर मोटरची, ठक् स्प्रिंगचं." मग उठता उठता त्यांनी त्यांचं ते नेहमीचं वाक्य म्हटलं, "निघालं का पोचायचं, साहेब. मधी राहायचं न्हाई."

हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. कुणी चहा अर्धा ठेवून उठला, कुणी भांडण अर्धं टाकून गेला, एखाद्याने सोयरीक बघून महिनाभर होय-नाही कळवलं नाही, तरी अप्पा तेच म्हणायचे. मी एकदा सुट्टीचा अर्ज लिहायला घेतला आणि तारीख ठरेना म्हणून पेन चघळत बसलो, तर जाता जाता माझ्या टेबलावर टिचकी मारून गेले. त्यांची स्वतःची एकच गोष्ट पोचायची राहिली होती, ती म्हणजे निवृत्ती. तीही आठ आठवड्यांवर आली होती. एवढ्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात एकही वाकडा शेरा नव्हता. एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणारे अप्पा हे मात्र सांगायचे. "इतं गावात माझ्या नावाला टॅप लागलाय," ते म्हणायचे. "तेवढं नीट ठिवून गेलो का बस."

त्याच सुमारास त्यांच्या वहीतलं रजिस्टरमध्ये उतरलं. 'सातावरून आठावर जाताना आवाज उशिरा येतो.' मी ते वाचलं आणि हसलो. उशिरा म्हणजे किती, हे मी विचारलं. "कानाला कळंल इतका," अप्पा म्हणाले. मी त्यांना समजावलं की अभियांत्रिकीत कान हे एकक नसतं. आठवड्याने पुन्हा तीच नोंद, खाली एक ओळ जास्त : 'टॅप चेंजरचं तेल काळं झालं असावं. बंद ठेवून उघडून बघावं.' दर ठक्‌ला आत बारीक ठिणगी पडते आणि त्या टाकीतलं तेल हळूहळू काळं होतं, हे मला पाठ होतं. पण उघडून बघायचं म्हणजे चार तास ट्रान्स्फॉर्मर बंद, म्हणजे वरून परवानगी, म्हणजे दहा फोन, म्हणजे गावोगावच्या शिव्या. मी नोंदीखाली 'पाहिले' असं लिहिलं. मी काय पाहिलं होतं, देव जाणे. तिसऱ्या नोंदीखाली मी नुसती सही केली.

मग तो फोन आला. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा ऊस फीडरच्या अगदी शेवटच्या टोकाला होता आणि त्याचे पंप पाणी उचलत नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाने मला, खुद्द मला, फोन केला होता. मी उभा राहून बोललो. "आत्ता करतो, साहेब," मी म्हणालो. त्या वेळी टॅप सातावर होता.

"आज सातावरच राहू द्या," अप्पा म्हणाले. "उद्या सकाळी बंद घिऊ, उघडू, तेल बदलू. एका दिसात त्यांचा ऊस वाळत न्हाई."

"मी शब्द दिलाय," मी म्हणालो, आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं.

अप्पा यार्डात धावले. घरघर सुरू झाली आणि मधेच बंद पडली. मोटरचा पुरवठा तुटला होता. पॅनलवरचा काटा सात आणि आठच्या मध्ये लटकला. पुस्तकात याला सोपा उपाय आहे : पेटीला हँडल लावायचं आणि जिकडे निघाला होता तिकडेच फिरवत पायरी पूर्ण करायची. मलाही तो ठाऊक होता. पण माझी अशी पाचावर धारण बसली होती, की डोक्यात एकच विचार आला, जिथून निघालो तिथे परत जावं. मी पळत गेलो, खुंटीवरचं हँडल काढलं, अप्पांना बाजूला सारून ते लावलं आणि उलटं फिरवायला लागलो.

"हँडल सोड बे!"

अप्पांनी मला आयुष्यात एकदाच अरेतुरे केलं, ते तेव्हा. त्यांनी मला खांद्याने ढकललं, हँडल हातात घेतलं आणि पुढच्या दिशेने फिरवलं. दोन वेढे, तीन वेढे. आतून आवाज आला, पण तो ठक् नव्हता. कुणीतरी पाण्याखाली दगड टाकावा तसा होता. पाठोपाठ बिघाड ओळखून पुरवठा तोडणारा रिले पडला आणि ट्रान्स्फॉर्मरचा गुंजारव थांबला. तो गुंजारव आजवर आपल्याला ऐकू येत होता, हे मला तो थांबल्यावर कळलं. कापसातले पक्षी ऐकू यायला लागले. कुंपणाजवळ एक लाइनमन शिडी धरून उभा होता, तोही जागचा हलला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "लाइट गेली वाटतं."

नऊ दिवस लागले. बाहेरून माणसं आली, टाकी उघडली, आत डांबरासारखं तेल आणि जळलेला रेझिस्टर. तोवर शेजारच्या लहान ट्रान्स्फॉर्मरवरून गावांना पाळीपाळीने वीज दिली. बाया डोक्यावर हंडे घेऊन आमच्या फाटकासमोरून जायच्या आणि आत बघायच्या. मी कंट्रोल रूममध्ये पाठीमागच्या खुर्चीत बसायला लागलो.

चौकशीला विभागाचे साहेब आले. रजिस्टरचं कोरं पान उघडून त्यांनी विचारलं, "टाकी उघडणारे म्हणतात, हँडल उलटं फिरलं. कुणी फिरवलं?"

मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत होतो.

"पाळी माझी व्हती," अप्पा म्हणाले. "माझ्याच पाळीत झालं. लिहा."

साहेब लिहू लागले. मला तोंड होतं, त्यात जीभ होती, आणि दोन्ही नाशिकहून इथवर व्यवस्थित आली होती.

संध्याकाळी मी अप्पांना कडुनिंबाखाली गाठलं आणि उद्या जाऊन खरं सांगतो म्हणालो. हे मी अशा आवाजात म्हणालो, की समोरच्याने नको म्हणावं. अप्पा म्हणाले, "तुमी परीक्षेवर हाव. पहिल्याच वर्सात असा शेरा पडला तर घरी बसवतील. माझं काय, माझं पोचलंय. तुमचं आत्ता निघालंय."

"पण तुमचं नाव, अप्पा..."

"ते बघंल गाव," ते म्हणाले आणि मळा बघायला निघून गेले.

अप्पांच्या सेवापुस्तकात शेवटच्या महिन्यात पहिला शेरा पडला. निरोप समारंभ कंट्रोल रूममध्येच झाला. शेव, पेढे, एक शाल. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी कर्तव्यनिष्ठेवर सात मिनिटं बोललो. मध्ये एकदा अप्पांनी शालीची घडी नीट केली, बाकी ते शांत बसले होते. त्यांच्या कारभारीणबाई मायेने मला म्हणाल्या, "बारीक झालाव साहेब, खात जावा." ते सात मिनिटांचं भाषण आठवलं की मला आजही चालता चालता थांबावंसं वाटतं.

त्यानंतर अप्पा उपकेंद्रात आले नाहीत. रोज चहाला येईन म्हणाले होते. लाइनमन सांगायचा, की आता गावात लोक त्यांना छेडतात. पारावर, बाजारात, कुठेही दिसले की कुणीतरी विचारतं, "अप्पा, उलटं फिरवलं म्हनं?" आणि अप्पा हसून पुढे जातात. ज्या नावाला त्यांनी एवढं जपलं होतं, त्याला मी नवं हँडल जोडून दिलं होतं.

यथावकाश माझी नोकरी कायम झाली आणि त्याबरोबर माझा पश्चात्तापही जागा झाला. आधी तो परीक्षाधीन असावा. कडा गावाच्या बाजूला बदली झाल्यावर मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात 'हँडल उलट दिशेने फिरले' असं लिहिलं. दुसऱ्यात 'फिरवले गेले' झालं. तिसऱ्यात 'उपस्थितांपैकी एकाकडून' अशी मजल गाठली. 'मी' हे एक अक्षर कागदावर यायला पाच रात्री आणि अर्धी वही लागली. ते पत्र वर गेलं, फिरलं, थांबलं, मला दोनदा बोलावून घेतलं गेलं, आणि शेवटी अप्पांवरचा शेरा रद्द झाल्याचा आदेश निघाला. तो शेरा माझ्या पुस्तकात आला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल.

आदेशाची प्रत खिशात घालून मी अप्पांच्या गावी गेलो. घरी कळलं, की ते ज्वारी दळायला गिरणीत गेलेत. गिरणी गच्च होती. सात-आठ बाया-बापे डबे घेऊन रांगेत, पट्टा फडफडतोय, हवेत पीठ. अप्पा भिंतीशी आपल्या डब्यावर बसले होते. मला बघून उठायला लागले, तेवढ्यात गिरणीवाला ओरडला, "अप्पा, तुमचं दळण उलटं दळू का सुलटं?" रांग हसली. अप्पाही हसले, आणि ते हसू मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्यात राग नव्हता. नुसता थकवा होता. खिशातला कागद, येताना पाठ केलेली वाक्यं, सगळं राहिलं आणि मी म्हणून टाकलं, "हँडल मी फिरवलं होतं!"

गिरणीच्या आवाजात कुणालाही ऐकू गेलं नाही. गिरणीवाल्याने कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडलो. त्याने मान हलवली, वाकला आणि गिरणी बंद केली. पट्टा हळूहळू थांबला. सगळे डबे, सगळ्या माना माझ्याकडे.

"हां, आता बोला साहेब. काय म्हनलाव?"

जे एकदा बोलायला मला दोन वर्षं लागली होती, ते आता तिसऱ्यांदा, अगदी शांततेत बोलायचं होतं.

"त्या दिवशी हँडल मी उलटं फिरवलं. अप्पांनी मला ढकलून ते सुलटं केलं. चूक माझी होती. अप्पांची काही चूक नव्हती."

कुणीच चकित झालं नाही. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने डबा खाली ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, "बोललं बाई एकदाचं लेकरू."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच दिशी," गिरणीवाला म्हणाला. "लाइनमन तितंच उभा नव्हता का? आन् अप्पाचा हात उलटा फिरंल का कदी? सगळ्या गावाला ठावं हाय."

"मग दोन वर्षं यांना का छेडता?"

गिरणीवाल्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंडावरचं पीठ पुसलं. "चिडून का हुईना, अप्पा एकदा तरी तुमचं नाव घितील म्हनून. लई छेडलं साहेब. बाजारात छेडलं, लग्नात छेडलं. न्हाई घेतलं."

मी अप्पांकडे पाहिलं. ते कानकोंडे होऊन डब्याचं झाकण लावत होते, पुन्हा काढत होते. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण मध्ये तीन डबे होते आणि अप्पांनी ते चालवूनही घेतलं नसतं.

"चालू कर रे," ते गिरणीवाल्याला म्हणाले. "लोकं खोळंबल्यात."

गिरणी चालू झाली. त्यांचं दळण होईपर्यंत मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो. मग त्यांनी मला घरी नेलं, जेवू घातलं, मळा दाखवला आणि फाट्यावर बसमध्ये बसवून दिलं. कड्याचं तिकीट काढायला खिशात हात घातला, तर आदेशाची प्रत तशीच होती. ती द्यायचं मी विसरलो होतो, आणि अप्पांनी ती मागितली नव्हती.